क्रियापदांच्या सोयरिकी

सोमवार, २ जुलै २०१२. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या दहावीच्या वर्गात इंग्रजीच्या सरांनी हजेरी घेतली आणि त्या हजेरीत एकाही विद्यार्थ्याचे नाव नव्हते.

"वाँट?"

"हजर, सर."

"रिफ्यूज?"

"हजर."

"हेझिटेट?"

ही मी. आदल्या शनिवारी सरांनी प्रत्येकाला एकेक इंग्रजी क्रियापद वाटून दिले होते आणि वर्षभर तेच आमचे नाव राहणार होते. वाटपामागे तत्त्व होते, पण ते लक्षात यायला वेळ लागला. जेवणाच्या रांगेत तिसऱ्यांदा उभा राहणारा मुलगा 'रिफ्यूज', म्हणजे नाकारणे. समोर आलेले एकही भांडण न सोडणारा 'अव्हॉइड', म्हणजे टाळणे. नदीकाठच्या गावचा असून पाण्याला भिणारा एकमेव मुलगा 'स्विम'. मला 'हेझिटेट', म्हणजे कचरणे, हे नाव का, असे मी तिथल्या तिथे उभी राहून विचारले.

"हे असं विचारतेस ना, म्हणून," सर म्हणाले. "औषध रोगावर देतात बाई, तब्येतीवर नाई. तुह्या आईले विचार."

माझी आई गावातल्या उपकेंद्रात नर्स होती. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडचे. सर घुग्घुसचे, कोळसा खाणीतल्या कामगाराचे चिरंजीव. आश्रमशाळा हेमलकशाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडी आत. बाहेरगावची मुले वसतिगृहात राहत, गावातली घरून येत. गाव जवळजवळ सगळे गोंडांचे. आमचे आणि सरांचे अशी दोनच बौद्ध घरे, आणि सरांच्या घरात माणूस एकच. दुसरे सदस्य म्हणजे एक बकरी. ती लहानपणी कुत्र्याच्या पिल्लांत वाढलेली होती. अनोळखी माणूस दिसला की शिंगे खाली करून दारात उभी राहायची आणि सरांच्या मागोमाग शाळेपर्यंत यायची. सरांनी तिचे नाव 'जेरंड' ठेवले होते. क्रियापद असून नामाचे काम करणारा शब्द म्हणजे जेरंड. बकरी असून कुत्र्याचे काम करणारी ही. इतक्या वर्षांत जेरंडची याहून चांगली व्याख्या माझ्या वाचनात आलेली नाही.

आता अडचण काय होती ते सांगते. इंग्रजीत एका क्रियापदामागोमाग दुसरे आले की दुसऱ्याला आपले रूप बदलावे लागते. कधी त्याच्या अगोदर 'टू' येतो, कधी त्याच्या शेवटी 'इंग' लागतो. 'वाँट'ला 'टू' लागतो, 'एन्जॉय'ला 'इंग'. कोणाला काय चालते याचा पक्का नियम नाही. बाकीचे शिक्षक दोन लांबलचक याद्या देतात आणि परीक्षेच्या सकाळी त्या दोन्ही याद्या मुलांच्या डोक्यात एकमेकींत मिसळतात. सरांनीही बारा वर्षे याद्याच दिल्या होत्या. मग केव्हातरी त्यांनी याद्या सोडल्या आणि लग्ने लावायला सुरुवात केली.

अर्धा वर्ग यजमान क्रियापदांचा: वाँट, डिसाइड, रिफ्यूज, एन्जॉय, अव्हॉइड. उरलेला अर्धा साध्या कृतींचा: पोहणे, चढणे, खाणे, गाणे. सरांकडे एक पांढरी टोपी होती, तिच्यावर 'टू' लिहिलेले. आणि एक लाल दुपट्टा होता, त्याच्या टोकाला 'इंग' भरतकाम केलेले. भरतकाम त्यांनी स्वतः केले होते आणि ते वाईट होते. कृतीने यजमानाच्या दारात जायचे. 'डिसाइड'च्या घरी टोपी घालूनच गेले पाहिजे. 'एन्जॉय'च्या घरी टोपी घातलेला नवरदेव उंबऱ्यावरूनच परत; तिथे दुपट्टा मागे लोंबता हवा. 'लाइक' आणि 'बिगिन' ही मोठ्या मनाची घरे, दोन्ही चालत. 'स्टॉप'च्या घरीही दोन्ही चालत, पण संसार वेगवेगळा व्हायचा. टोपी घालून गेलेला 'स्मोक' म्हणजे विडी ओढण्यासाठी थांबला. दुपट्टा घेऊन गेला तर विडी कायमची सुटली.

"आपले मुख्याध्यापक कोणते?" सरांनी विचारले.

"टोपीवाले!" वर्ग एका सुरात म्हणाला. मुख्याध्यापक नेमके तेव्हा व्हरांड्यात थांबून काडी पेटवत होते.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी व्हायचे हे सातवीतच ठरवले होते आणि नियमाविना ज्ञान असते हे मला मान्य नव्हते. मी दोन दिवस विचार करून एक नियम शोधला. अजून घडायचे आहे त्याला टोपी, घडून गेले किंवा घडते आहे त्याला दुपट्टा. ठरवले, हवे आहे, आशा आहे: सगळी पुढे पाहणारी. आवडते, संपवले, सोडले: सगळी अनुभवाची. मी तो अभिमानाने मांडला.

"छान आहे," सर म्हणाले. "आता 'पोस्टपोन'. काम पुढं ढकललं. झालं का काम?"

"नाही."

"मंग टोपी?"

"हो."

"नाई. दुपट्टा." त्यांना विलक्षण आनंद झाला होता. "नियम दहा घरं चालते अन् अकराव्या घरी कुत्रं अंगावर येते. तुहा नियम ठेव खिशात, कामाचा आहे. पन दारात गेल्यावर घरच्याईले विचार."

'लुक फॉरवर्ड टू' या प्रकाराचा तर त्यांना वैयक्तिक राग होता. तिथे 'टू' असूनही मागे 'इंग' लागतो. "तोतया!" ते फळ्यावर खडू आपटत. "टोपी घालून आला म्हणून कोनी नवरदेव होत नाई. हा बँडवाल्याचा माणूस होय!"

सरांच्या छत्रीबद्दलही लिहायला हवे. ती बारा महिने त्यांच्या शर्टाच्या कॉलरला मागून अडकवलेली असे. मेमध्येही. विचारले तर म्हणत, "घुग्घुसले वरून काय पडन याचा भरोसा नाई. पानी, राख, सिमेट. सवय झाली." आईने एकदा त्यांना ताप आला म्हणून तपासले, तेव्हा स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी छत्री काढा म्हणाली. सर म्हणाले, "पुढून लावा ना, बाई." ते दरवर्षी घुग्घुसजवळ बदली मागणारा अर्ज करत आणि दरवर्षी त्या अर्जातले इंग्रजी इतके सुधारत नेत, की मुदत उलटून जाई.

लग्न लावताना मात्र ते कुचराई करत नसत. पळसाच्या फांद्यांचा मांडव, कागदी फुलांच्या माळा, खानावळीतून आणलेले हळद लावलेले मूठभर तांदूळ. वर्ग मंगलाष्टकांच्या चालीवर वाक्य म्हणे. सप्टेंबरात 'एन्जॉय' आणि 'स्विम' यांचे लग्न लागले. 'एन्जॉय' ही गावातली मुलगी. वर्गात ती बोलत नसे. हजेरीलासुद्धा बोट वर करायची. त्या दिवशी 'स्विम' घाईत टोपी घालून दारात आला. सर ओरडले, "नवरी काय म्हनते?" आणि ती मुलगी मोठ्यांदा, स्वच्छ आवाजात म्हणाली, "परत जा बे! दुपट्टा घेऊन ये!" मग स्वतःच इतकी हसली की तिच्या माळेतली फुले सुटली. 'शी एन्जॉइज स्विमिंग' हे वाक्य तिने एकटीने तीनदा म्हटले. घरी जाऊन तिने तो सगळा प्रसंग वडिलांना सांगितला. ती घरीही कमी बोलायची, त्यामुळे वडिलांनी हातातले काम ठेवून ऐकले.

आणि घोटाळा तिथेच झाला.

गोंडांत कुळांची वाटणी देवांच्या संख्येने होते. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांच्या देवांची संख्या सारखी, ती सगळी एकमेकांची भावंडे. त्यांच्यात सोयरीक नाही. 'एन्जॉय' आणि 'स्विम' ही दोघेही सहा देवांची. मुलांना ते माहीत होते, पण त्यांच्या हिशेबी लग्न क्रियापदांचे होते. सरांच्या आणि आमच्या घरी देवांची संख्या शून्य, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न कधी सुचलाच नव्हता. शब्दांच्या सोयरिकी जुळवणाऱ्या माणसाने बहिणीचे लग्न भावाशी लावून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिचे वडील आले. ते व्हरांड्यात उभे राहिले, ओरडले नाहीत.

"हळदीचे तांदूळ पडले, गुरुजी," ते म्हणाले. "खेळ असो का शाळा असो, तांदूळ पडले. उद्या तिची सोयरीक जमवाले गेलो त लोक काय म्हनतीन? एकतर तुमी राहसान, नाईत माही पोरगी."

रविवारी सकाळी ग्रामसभा बसली. आमच्या गावची सभा कशी चालते हे माहीत असल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तिथे बहुमत नव्हते. भूमिया, म्हणजे गावचा पुजारी आणि पुढारी, ठराव बोलून दाखवायचा आणि तीनदा विचारायचा, "कोनाची ना आहे का?" एका माणसाने जरी 'ना' म्हटले तरी ठराव होत नसे. बोलणे चालू राहायचे, नाहीतर पुढच्या बैठकीला जायचे. आणि तोवर सगळे जसे होते तसे. त्या दिवशी ग्रामसेवक आले नव्हते. अक्षर चांगले आणि गावात कोणाशी नाते नाही, या दोन कारणांसाठी भूमियाने मला लिहायला बसवले. मी पंधरा वर्षांची होते, म्हणजे माझी स्वतःची मोजणी होत नव्हती. लिहिणाऱ्यासाठी ही स्थिती उत्तम.

ठराव असा होता: गुरुजींना इथून हलवावे, असे आश्रमशाळा चालवणाऱ्या प्रकल्प कार्यालयाला कळवायचे. मुख्याध्यापक मान खाली घालून बसले होते. विरोधात बोलेल असे मला कोणी दिसत नव्हते. आईसुद्धा तिच्या पदरावरचा एक डाग पुसत होती.

सर उठले. छत्री कॉलरला.

"माही चूक आहे," ते म्हणाले. "मी शब्दाईले विचारलं, तुमचं कोनाशी जमते. पोराईले नाई विचारलं. जो दंड असन तो मी भरतो. पन आधी मले शिकवा. कोनाचे किती देव, कोन कोनाचं भाऊ, हे मले सांगा. मी लिहून नाई घेत, ध्यानात ठेवतो."

पाठीमागून कोणीतरी विचारले, "तुमचे देव किती, गुरुजी?"

"शून्य."

भूमियाने यावर बराच वेळ विचार केला. "मंग त तुमचं कोनाशीबी जमते," तो म्हणाला. "तरी अजून काऊन नाई झालं?"

सभा हसली. हसण्यात मुलीचे वडील नव्हते, पण त्यांनी तोंड दुसरीकडे वळवले, आणि माझ्या जागेवरून मला ते दिसत होते. त्यांचेही ओठ हलले होते.

मग दंडाची चर्चा. गावाला जेवण घालायचे, आणि जेवणाला बोकड किंवा बकरी हवी. एका तरुणाने उत्साहाने सुचवले, "गुरुजीकडं आहे ना बकरी!" सरांचा चेहरा उतरला. नोकरी जाण्याच्या ठरावालाही तो इतका उतरला नव्हता. जेरंड त्यांच्या पायाशी बसलेली होती आणि त्या तरुणाकडे शिंगे रोखून पाहत होती.

"ते बकरी नाई," भूमिया म्हणाला. "पाहून राह्यला का कशी बसली आहे ते? कुत्र्याची जात आहे. कुत्रं कोन खाते?"

शेवटी कोंबड्यांवर भागले. दुपारपर्यंत भात आणि रस्सा झाला, सरांनी स्वतः वाढले. जेवताना म्हाताऱ्या बाया त्यांना कुळे समजावत होत्या आणि ते प्रत्येक पानापुढे थांबून परत म्हणून दाखवत होते: "तुमी सात. तुमी चार. तुमी सहा, म्हंजे या बाईचे भाऊ. मंग यांच्या पोराले तुमची पोरगी नाई चालत." चुकले की बाया ओरडत, बरोबर आले की वरून भात मागत. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मी आमच्या वर्गातही कधी पाहिला नव्हता.

जेवणे झाल्यावर मुलीचे वडील उठले. "मी हलवायचं बोललो होतो, ते वापस घेतो," ते म्हणाले. "गुरुजीनं दंड भरला, गोष्ट संपली. पोरगी उद्यापासून शाळेत येईन. पन एक. यापुढं वर्गात लगन नाई. यादी लिहा, पाठ करवा, बाकीचे मास्तर करतात तसं."

सगळीकडून "हाव, हाव" झाले. माझ्या शेजारून मुख्याध्यापक पुटपुटले, "वाचले बाप्पा." भूमियाने नवा ठराव बोलून दाखवला: गुरुजी राहतील, लग्ने बंद. आणि विचारले, कोणाची ना आहे का. शांतता. दुसऱ्यांदा विचारले. शांतता. तिसऱ्यांदा विचारले आणि सरांनी हात वर केला.

मुख्याध्यापकांनी त्यांचा शर्ट ओढला. "नोकरी वाचली आहे, खाली बसा ना!"

"माही ना आहे," सर म्हणाले. मग मुलीच्या वडिलांकडे वळून, अगदी हळू: "भाऊ, तुमच्या पोरीनं तीन वर्षांत पयल्यांदा तोंड उघडलं ते त्या मांडवात. यादी मी बारा वर्षं लिहिली. यादीनं एक पोरगं बोलतं झालं नाई. मांडव चूक नव्हता, जोडी चूक होती. जोडी आता मी विचारून लावीन. पन मांडव मी नाई मोडत. त्यापेक्षा तुमचा पयला ठराव घ्या."

सभेत कुजबुज झाली. पहिला ठराव परत आणणे वडिलांच्या हातात होते. ते उभे होते. त्यांनी एकदा सरांकडे पाहिले, एकदा बायांच्या बाजूला. तिथे त्यांची मुलगी बसली होती आणि पहिल्यांदाच सभेत आलेल्या मुलीने जसे बसू नये तसे, म्हणजे मान वर करून, वडिलांकडे बघत होती.

"गुरुजीचं कुठी मोजतात?" तो कोंबड्यांवर समाधान न झालेला तरुण म्हणाला. "ते गावचे थोडीच आहेत? ठराव झाला."

भूमिया माझ्याकडे वळला. "लिहिनारी, गुरुजीले मोजलं का?"

मी मोजले नव्हते. शाळेतल्या नोकरदारांना मी नोंदीत धरले नव्हते, आणि तसे सांगितले.

"मोज," तो म्हणाला. "आताच गावचा दंड भरला त्याईनं. गावचा दंड बाहेरच्या मानसाले लागते का? बाहेरच्याले पोलिसात देतात. दंड भरला, म्हंजे गावचा झाला. अन् गावच्या मानसाची ना आहे." त्याने गुडघ्यावर हात ठेवून उठायला सुरुवात केली. "ठराव झाला नाई. पुढच्या बैठकीले."

"अन् तोवर?" वडिलांनी विचारले.

"तोवर जसं होतं तसं."

"मंग जोडी मी तपासीन," वडील म्हणाले. " मले विचारल्याबिगर एक तांदूळ पडाले नाई पाह्यजे."

ते खरोखर येऊ लागले. शेतातून आले की वर्गाच्या दाराशी चवड्यांवर बसत आणि सर नावे जाहीर करत त्याच्या अगोदर हात वर करत. "हे नाई जमत, दोघंबी सात." सर जोडी बदलत. दिवाळीनंतर त्यांची प्रगती आणखी झाली. एकदा 'अव्हॉइड'च्या दारात टोपी दिसताच ते बाहेरूनच गरजले, "दुपट्टा दे त्याले! तिथं टोपी चालते का?" सरांनी खडू खाली ठेवला आणि त्यांना हात जोडले.

ठराव मात्र त्यांनी मागे घेतला नाही. भर सभेत बोललेला शब्द होता, तो मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दर बैठकीला ते उठून तोच ठराव मांडत: वर्गात लग्ने नकोत. भूमिया तीनदा विचारी. तिसऱ्या वेळेला सर हात वर करत. मग दोघे एकाच वाटेने घरी जात, पुढे जेरंड, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे लग्न आहे यावर वाद घालत. दोघांपैकी कोणालाही यात विसंगती वाटत नसे, आणि आता इतकी वर्षे आकडेवारीवर काम केल्यानंतर मलाही वाटत नाही. मी इंग्रजीत शोधनिबंध लिहिते. 'वुई डिसाइडेड' लिहून झाले की पुढच्या शब्दाच्या डोक्यावर टोपी आपोआप येते.

बोर्डाची परीक्षा झाली. 'एन्जॉय' इंग्रजीत पास झाली, 'रिफ्यूज' झाला, 'अव्हॉइड' भांडत भांडत झाला. मला अकरावी विज्ञानासाठी चंद्रपूरला जायचे होते आणि जाण्यापूर्वीच्या रविवारी मी शेवटची बैठक लिहिली. वडिलांनी ठराव मांडला. भूमियाने तीनदा विचारले. मी नोंद केली, खाली सही केली आणि नोंदवही पुढच्या लिहिणारीच्या हाती दिली. त्या गावासाठी मी लिहिलेले अखेरचे आकडे असे आहेत: उपस्थित ८४. अनुकूल ८३. विरोध १.